जावा ८ वरून १७: तीच एरर पुन्हा पुन्हा येत असेल तर

लक्षणं ओळखीची असतात. मशीनवर जावा १७ टाकलं, पॉम फाइलमध्ये (मेव्हनच्या बिल्ड सेटिंगची फाइल) ८ च्या जागी १७ लिहिलं आणि बिल्ड फुटला. नेटवर सापडलेला एक फ्लॅग (जावा सुरू करताना द्यायची सूचना) चिकटवला, बिल्ड झाला, पण टेस्ट फुटल्या. तिथेही काहीतरी चिकटवलं. शेवटी सर्व्हरवर चढवलं तर सुरुवातीचीच एरर पुन्हा हजर.

याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. एका प्रोजेक्टमागे जावा एकच असतं असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात चार-पाच असतात. बिल्ड टूल (मेव्हन किंवा ग्रेडल) ज्यावर चालतं ते एक, कंपायलरचं एक, टेस्टसाठी वेगळी सुरू होणारी प्रोसेस, आयडीईचं (कोड लिहायच्या एडिटरचं) स्वतःचं आणि सर्व्हरचं. एकात केलेला उपाय दुसऱ्यात पोहोचत नाही. म्हणून एरर आली की पहिला प्रश्न ‘कुठला फ्लॅग टाकू’ हा नाही, ‘हे नक्की कुठलं जावा बोलतंय’ हा आहे.

(खाली कमांड, क्लास आणि फ्लॅगची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंगनेच टाइप करायची.)

आकडा वाचा

प्रत्येक क्लास फाइलच्या (कंपाइल झालेल्या कोडच्या फाइलच्या) सुरुवातीला एक व्हर्जन क्रमांक कोरलेला असतो. जावाच्या व्हर्जनमध्ये ४४ मिळवले की तो येतो: ८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१, २१ साठी ६५. हे पाठ असेल तर निम्मं निदान एरर वाचतानाच होतं. ६१ हा आकडा वेगवेगळ्या वाक्यांतून समोर येतो आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ वेगळा असतो. गोंधळ इथेच सुरू होतो.

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ आणि पुढे ‘कंपाइल्ड बाय अ मोअर रीसेंट व्हर्जन… ६१.०… ओन्ली रेकग्नाइझेस… अप टू ५२.०’ असं असेल, तर कोड १७ साठी बनलेला आहे आणि चालवणारं जावा जुनं, ८ चं आहे. इथे लायब्ररी बदलून काही होणार नाही. त्या प्रोसेसला १७ द्यायचं, एवढंच.

‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’ एवढंच असेल, तर परिस्थिती नेमकी उलटी. जावा नवं आहे, पण बाइटकोड वाचणारी एखादी लायब्ररी जुनी आहे आणि तिला ६१ वाचता येत नाही. यात बहुतेकदा ग्रेडलमधलं ग्रूव्ही, स्प्रिंगच्या आत बसलेलं ‘एएसएम’ किंवा जॅकोको (टेस्टनी किती कोड तपासला ते मोजणारं टूल) सापडतं. इथे जावा-होम (जावाचा फोल्डर सांगणारं व्हेरिएबल) कितीही वेळा तपासलं तरी फरक पडत नाही. स्टॅक ट्रेसमधल्या वरच्या दहा-पंधरा ओळींत ज्या लायब्ररीचं पॅकेज दिसतं, तिचं व्हर्जन वाढवा.

‘क्लास फाइल हॅज राँग व्हर्जन ६१.०, शुड बी ५२.०’ असं कंपायलर म्हणत असेल, तर ८ चा कंपायलर १७ साठी बनलेला जार (क्लास फाइलींचं गाठोडं) वाचू पाहतोय. डिपेन्डन्सीचं व्हर्जन नकळत पुढे गेलं की हे होतं. स्प्रिंग बूट ३ ला किमान १७ लागतं, त्यामुळे ८ वर असतानाच कुणी ते ओढलं तर हीच ओळ दिसते.

‘इनव्हॅलिड टार्गेट रिलीज: १७’ ही सगळ्यात सोपी. मेव्हन अजून जुन्या जेडीकेवर (कंपायलरसकटचं जावा) चालतंय.

कुठलं जावा, हे विचारायचं कसं

‘जावा व्हर्जन’ ही कमांड फक्त पाथमधलं जावा सांगते. मेव्हन जावा-होम बघतं. त्यामुळे टर्मिनल १७ दाखवतंय आणि मेव्हन ८ वर, हे अगदी नेहमीचं. मेव्हनला त्याच्या स्वतःच्या व्हर्जन कमांडनेच विचारा, ते कुठलं जावा वापरतंय तेही छापतं. ग्रेडलचंही तसंच, फक्त रॅपरला (प्रोजेक्टसोबतच्या ग्रेडल स्क्रिप्टला) विचारा. ग्रेडलचा डेमन (मागे चालू राहणारी प्रोसेस) जुनं जावा धरून बसलेला असू शकतो, तेव्हा आधी ‘स्टॉप’ देऊन तो बंद करा. ग्रेडल प्रॉपर्टीज फाइलमध्ये कुणी ‘ऑर्ग डॉट ग्रेडल डॉट जावा डॉट होम’ लिहून ठेवलंय का तेही बघा. प्रोजेक्टमधली फाइल आणि यूजरच्या होम फोल्डरमधली, दोन्ही.

विंडोजवर ओरॅकलचा इन्स्टॉलर ‘कॉमन फाइल्स’खालचा ‘जावापाथ’ नावाचा फोल्डर पाथमध्ये सगळ्यात पुढे घुसवतो. जावा-होम बरोबर असूनही टर्मिनलमध्ये भलतंच व्हर्जन दिसत असेल तर संशय त्याच्यावर घ्यावा. लिनक्सवर ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने पाथमधलं जावा बदलतं, जावा-होम बदलत नाही. आणि सिस्टिम-डीने सुरू होणारी सर्व्हिस तुमची बॅश-आरसी वाचत नाही, त्यामुळे तिथे लिहिलेलं काहीच तिला लागू नाही. व्हेरिएबल सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्येच द्यावं लागतं.

विंडोज सर्व्हिस म्हणून चालणारा टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) तर सेट-एन्व्ह फाइलसुद्धा वाचत नाही. त्याच्या कॉन्फिगरेशन खिडकीतल्या जावा टॅबमध्ये जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) डीएलएलचा रस्ता असतो. तो जुनाच राहिला तर बाहेर काहीही बदला, सर्व्हर ८ वरच उठेल.

१७ ला किमान काय लागतं

लॉम्बॉक (गेटर-सेटरसारखा कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) १.१८.२२ किंवा पुढचं. जुन्यावर ‘लॉम्बॉक प्रोसेसर कॅनॉट अ‍ॅक्सेस क्लास… जावासी प्रोसेसिंग एन्व्हायर्नमेंट’ अशी लांबलचक ओळ येते. २१ वर जायचं असेल तर १.१८.३० हवं, नाहीतर ‘नो सच फील्ड एरर’मध्ये ‘जेसी-इम्पोर्ट’ आणि ‘क्वालिड’ ही नावं दिसतील. ग्रेडल ७.३ पासून १७ वर चालतं, २१ साठी ८.५ लागतं. जॅकोको १७ साठी ०.८.८, २१ साठी ०.८.११. मॉकिटोच्या (टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) जुन्या व्हर्जनसोबत आलेली बाइट बडी ‘जावा १७ (६१) इज नॉट सपोर्टेड’ असं सरळ सांगते. तीच ओळ ‘एक्स्परिमेंटल’ नावाची प्रॉपर्टी लावायचा पर्यायही सुचवते, तो घेऊ नका. मॉकिटो ४ घ्या, ते ८ वरही चालतं. मॉकिटो ५ ला मात्र किमान ११ लागतं.

स्प्रिंग बूट असेल तर २.७ वर थांबा. ते ८ आणि १७ दोन्हींवर चालतं, म्हणून पूल म्हणून उत्तम. त्याच दमात ३ वर उडी मारली तर ‘जावाएक्स’ची सगळी पॅकेजेस ‘जकार्ता’ होतात आणि कुठली एरर जावामुळे, कुठली स्प्रिंगमुळे हे कळेनासं होतं. टॉमकॅटही तोपर्यंत ९ च ठेवा. १० पासून तो जकार्ताचा आहे आणि जुनं वॉर (वेब अॅप्लिकेशनचं पॅकेज) त्यावर तसंच्या तसं चालत नाही.

‘इनअ‍ॅक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन’

परत परत येणाऱ्या एररची राणी हीच. मजकूर साधारण असा: ‘अनेबल टू मेक फील्ड… अ‍ॅक्सेसिबल: मॉड्यूल जावा.बेस डझ नॉट ओपन्स जावा.टाइम टू अननेम्ड मॉड्यूल’.

२०१७ साली जावा ९ मध्ये मॉड्यूल आले. जावाच्या आतल्या खाजगी फील्डना रिफ्लेक्शनने (चालताना नावावरून क्लासच्या आत पोहोचायची सोय) हात घालणं तेव्हापासून चुकीचं ठरलं, पण १५ पर्यंत नुसती वॉर्निंग येत असे. १६ मध्ये दार डीफॉल्टने बंद झालं आणि १७ मध्ये ते उघडं ठेवायचा ‘इल्लीगल-अ‍ॅक्सेस’ हा फ्लॅगच काढला गेला. जुन्या उत्तरांमधून उचललेला ‘इल्लीगल-अ‍ॅक्सेस=परमिट’ १७ वर टाकलात तर जावा ‘इग्नोअरिंग ऑप्शन’ एवढंच म्हणून पुढे जातं. फ्लॅग दिला असं वाटतं, पण लागू काहीच होत नाही.

खरा उपाय म्हणजे हात घालणारी लायब्ररी वाढवणं. ‘क्लास लोडर’ आणि ‘डिफाइन क्लास’ ही नावं दिसली तर बहुधा जुनं सीजीलिब, जावासिस्ट किंवा स्प्रिंग ४. ‘जावा.टाइम’ दिसलं तर बहुधा जीसन (ऑब्जेक्टचा जेसन मजकूर बनवणारी लायब्ररी), आणि इथे जरा थांबून विचार करावा लागतो. अ‍ॅडॅप्टर न दिलेला जीसन लोकल-डेटची आतली फील्ड उघडून वर्ष, महिना, दिवस अशा तीन ‘की’ असलेला जेसन बनवत होता. आता अ‍ॅडॅप्टर लिहून ‘२०२४-०३-१५’ अशी सरळ स्ट्रिंग बनवली की एरर जाईल, पण डेटाबेसमध्ये किंवा रांगेत पडलेला जुना जेसन वाचता येणार नाही. समोरची मोबाइल अ‍ॅपही तोच जुना आकार धरून बसलेली असेल. म्हणून अ‍ॅडॅप्टरच्या वाचण्याच्या बाजूने दोन्ही रूपं स्वीकारा. लिहिण्याची बाजू कधी बदलायची ते वाचणाऱ्यांना विचारून ठरवा.

लायब्ररी वाढवणं शक्यच नसेल तर ‘अ‍ॅड-ओपन्स’. त्याचं रूप: ‘--अ‍ॅड-ओपन्स=जावा.बेस/जावा.टाइम=ऑल-अननेम्ड’. एररमध्ये ज्या पॅकेजचं नाव आहे तेवढंच उघडा. वीस पॅकेजेसची तयार यादी कॉपी करू नका, पुढे त्यातलं कुठलं खरंच लागतं हे कुणालाच सांगता येत नाही.

हा फ्लॅग ठेवायचा कुठे, यावर पुढची सगळी रडकथा अवलंबून असते.

आयडीईच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये टाकलात तर तो तुमच्या मशीनपुरता. मेव्हनच्या टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, त्यांना तो शुअरफायर या टेस्ट चालवणाऱ्या प्लगिनच्या ‘आर्गलाइन’मधून द्यावा लागतो. इथे एक खाच आहे. जॅकोकोही आपला एजंट ‘आर्गलाइन’ नावाच्याच प्रॉपर्टीतून पाठवतं. तुम्ही तिथे थेट फ्लॅग लिहिलात तर एजंट गळतो, टेस्ट हिरव्या दिसतात आणि कव्हरेज शून्यावर येतं. फ्लॅगच्या आधी ‘@’ आणि महिरपी कंसात ‘आर्गलाइन’ लिहा, म्हणजे दोन्ही राहतात. पण मग जॅकोको बंद ठेवून बिल्ड केला तर तो शब्द जसाच्या तसा जावाकडे जातो आणि टेस्टची प्रोसेस उठतच नाही. त्यासाठी पॉमच्या प्रॉपर्टीजमध्ये रिकामी ‘आर्गलाइन’ जाहीर करून ठेवावी.

‘जावा -जार’ने चालणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनसाठी सगळ्यात टिकाऊ जागा म्हणजे जारच्या मॅनिफेस्टमधली ‘अ‍ॅड-ओपन्स’ ही नोंद. तिथे फक्त ‘जावा.बेस/जावा.टाइम’ लिहायचं, एकापेक्षा जास्त असतील तर मध्ये स्पेस, आणि शेवटचं ‘ऑल-अननेम्ड’ लिहायचं नाही. फ्लॅग जारसोबतच प्रवास करतो, सर्व्हरवर कुणी विसरण्याचा प्रश्न येत नाही.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने द्यायचा तर ‘जेडीके-जावा-ऑप्शन्स’ वापरा, ‘जावा-टूल-ऑप्शन्स’ नको. पहिलं फक्त ९ आणि पुढचा जावा लाँचर वाचतो. दुसरं त्या मशीनवरचं प्रत्येक जेव्हीएम वाचतं, आणि त्याच सर्व्हरवर दुसरं कुठलं अ‍ॅप्लिकेशन ८ वर चालत असेल तर अ‍ॅड-ओपन्स बघून ते सुरूच होणार नाही. विंडोज सर्व्हिस मात्र लाँचरला वगळून थेट डीएलएल लोड करते, तिथे पहिलं व्हेरिएबल लागू पडत नाही.

टॉमकॅट ९ च्या नव्या व्हर्जनांमध्ये स्टार्ट स्क्रिप्ट स्वतःच काही अ‍ॅड-ओपन्स लावते. टॉमकॅटवर वॉर चालतं आणि तोच कोड जार म्हणून चालवला की फुटतो, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा हे असतं.

असा हात कुठेकुठे घातला जातोय हे आधीच शोधायचं असेल तर जावा ११ चा वापर करा. त्यावर ‘इल्लीगल-अ‍ॅक्सेस=डीबग’ देऊन सगळ्या टेस्ट चालवा. डीफॉल्टला फक्त पहिल्या वेळची वॉर्निंग छापली जाते, यात प्रत्येक वेळचा स्टॅक ट्रेस मिळतो. मग ‘डिनाय’ देऊन पुन्हा चालवा, म्हणजे १७ वर काय होईल त्याचं चित्र ११ वरच दिसतं. ‘जेडेप्स’ हे टूलही आहे, पण त्याला रिफ्लेक्शन दिसत नाही आणि स्प्रिंग बूटच्या मोठ्या जारच्या पोटातले जार ते उघडत नाही. जार आधी सोडवून आतल्या लिब फोल्डरवर चालवावं लागतं.

क्लासच गायब

जावा ११ मध्ये जॅक्स-बी (एक्सएमएल आणि ऑब्जेक्टमधली अदलाबदल करणारं), जॅक्स-डब्ल्यूएस, अ‍ॅक्टिव्हेशन, कोर्बा हे सगळं जेडीकेतून काढलं. ‘पोस्ट-कन्स्ट्रक्ट’ आणि ‘प्री-डिस्ट्रॉय’ ही अ‍ॅनोटेशन्सही त्यातच गेली. जॅक्स-बीसाठी जकार्ता एक्सएमएल बाइंड एपीआय २.३.३ टाका. नाव जकार्ता असलं तरी आतलं पॅकेज जुनं ‘जावाएक्स’च आहे. ३.० घेतलंत तर पॅकेज बदलतं आणि एकही इम्पोर्ट जुळत नाही. अ‍ॅनोटेशनसाठी याच तऱ्हेने १.३.५. नुसता एपीआय पुरत नाही, ग्लासफिशचं जॅक्स-बी रनटाइमही २.३ मालिकेतलंच हवं.

एवढं करूनही ‘इम्प्लिमेंटेशन ऑफ जॅक्स-बी एपीआय हॅज नॉट बीन फाउंड’ येत असेल, तेही फक्त जारमधून चालवल्यावर आणि आयडीईत नाही, तर कोडमध्ये ‘कम्प्लीटेबल फ्यूचर’चा ‘सप्लाय असिंक’ किंवा पॅरलल स्ट्रीम शोधा. जावा ९ पासून कॉमन फोर्क-जॉइन पूलमधल्या थ्रेडना सिस्टिम क्लास लोडर मिळतो आणि स्प्रिंग बूटच्या जारच्या आतले जार त्याला दिसत नाहीत. जॅक्स-बी कॉन्टेक्स्ट अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच मुख्य थ्रेडवर एकदा बनवून ठेवा (दर वेळी नवीन बनवणं तसंही महागाचं), किंवा स्वतःचा एक्झिक्यूटर द्या.

‘सन.मिस्क’मधला बेस६४ एन्कोडर ९ मध्ये गेला. ‘जावा.यूटिल.बेस६४’ हा बदली खेळाडू ८ पासूनच आहे, पण जुना एन्कोडर दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ टाकायचा. डेटाबेसमध्ये साठवलेली तशी स्ट्रिंग साध्या डीकोडरला दिली की ‘इल्लीगल बेस६४ कॅरेक्टर ए’ येतं. तो ‘ए’ म्हणजे इंग्रजी अक्षर नाही, नव्या ओळीचा हेक्स कोड आहे. वाचायला माइम डीकोडर वापरा, तो अशा ओळी सोडून देतो.

नॅसहॉर्न (जावातलं जावास्क्रिप्ट इंजिन) १५ मध्ये गेलं. स्क्रिप्ट इंजिन मागितलं की एरर न येता ‘नल’ मिळतं आणि फुटतं ते पुढच्या ओळीत.

जेव्हीएम उठतच नाही

‘अनरेकग्नाइझ्ड व्हीएम ऑप्शन’ म्हणजे स्टार्ट स्क्रिप्टमधले जुने फ्लॅग: मॅक्स-पर्म-साइझ, सीएमएस कलेक्टर, प्रिंट-जीसी-डेटस्टॅम्प्स. पहिले दोन सरळ काढा, जीसी (मेमरी साफ करण्याच्या) लॉगसाठी ‘-एक्सलॉग:जीसी*’ वापरा. हा पाच मिनिटांचा विषय आहे.

बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं बंद

‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ आलं तर कुणीतरी कधीकाळी जुन्या जावाच्या सी-ए-सर्ट्समध्ये (विश्वासू सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये) कंपनीचं सर्टिफिकेट टाकलेलं होतं. नव्या जेडीकेसोबत नवी कोरी फाइल येते. तिची जागाही बदलली आहे: ‘जेआरई’ फोल्डर आता नाही, ती थेट ‘लिब/सिक्युरिटी’मध्ये असते. की-टूलला ९ पासून ‘सी-ए-सर्ट्स’ हा पर्याय मिळालाय, रस्ता टाइप करायची गरज नाही. वेगळी ट्रस्ट-स्टोअर फाइल द्यायची असेल तर ती मूळ यादीत भर घालत नाही, यादीची जागा घेते. बाकी सगळ्या साइट्स अचानक बंद पडल्या तर कारण हे.

‘नो अ‍ॅप्रोप्रिएट प्रोटोकॉल’ म्हणजे समोरचा डेटाबेस किंवा सेवा अजून टीएलएस १.० किंवा १.१ वर आहे. समोरची बाजू १.२ वर आणा. जावाच्या सिक्युरिटी फाइलमधली बंदी उठवता येते, पण ती फाइल पुढच्या पॅच अपडेटला नवी येते आणि एररही परत येते.

देवनागरी मजकूर आणि आकडे

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रोजेक्टमध्ये इथे हमखास काहीतरी निघतं. सोर्स फाइलचं एन्कोडिंग पॉममध्ये दिलेलं नसेल तर १७ चा कंपायलर विंडोजवर १२५२ हे कोडपेज धरतो. ‘अनमॅपेबल कॅरेक्टर ०एक्स८डी’ असं दिसलं तर तो आपला हलन्त आहे: यूटीएफ-८ मध्ये त्याचा शेवटचा बाइट ८डी, आणि १२५२ मध्ये ती जागा रिकामी आहे. ‘प्रोजेक्ट.बिल्ड.सोर्स-एन्कोडिंग’ यूटीएफ-८ करा. चालताना फाइल वाचणारा-लिहिणारा कोड १८ पासून डीफॉल्टने यूटीएफ-८ धरतो. तोवर प्रत्येक रीडर-रायटरला कॅरेक्टरसेट हाताने द्या, नाहीतर अहवालात प्रश्नचिन्हांची रांग लागते.

आकड्यांचा बदल आणखी फसवा. ९ पासून लोकेलची (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगची) माहिती सीएलडीआर या युनिकोडच्या संग्रहातून येते आणि त्यात मराठीचे डीफॉल्ट अंक देवनागरी आहेत. डीफॉल्ट लोकेल मराठी ठेवून ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ने क्वेरी किंवा फाइलचं नाव बनवत असाल तर तिथे इंग्रजी अंकांऐवजी देवनागरी अंक जातात. हिंदीचं उलटं: ८ वर देवनागरी मिळायचे, आता इंग्रजी. जावाचं ‘पार्स इंट’ देवनागरी अंक निमूट वाचतं, त्यामुळे टेस्टमध्ये पकडलं जात नाही, फुटतं ते डेटाबेसच्या दारात. यंत्राने वाचायच्या प्रत्येक स्ट्रिंगला ‘लोकेल रूट’ द्या. माणसाने वाचायच्या स्ट्रिंगला काय द्यायचं ते ठरवून द्या.

क्रम

आधी ८ वरच राहून सगळ्या लायब्ररी वर दिलेल्या व्हर्जनांपर्यंत आणा आणि ते प्रॉडक्शनला जाऊ द्या. मग ८ साठी बनलेलाच जार १७ वर चालवा. इथे फुटेल ते सगळं रनटाइमचं, कंपायलरचा संबंध नाही. ते निस्तरल्यावर कंपाइल १७ च्या जेडीकेने करा, पण टार्गेट ८ च ठेवून. या टप्प्यावर काही बिघडलं तर सर्व्हरचं जावा मागे नेता येतं, जार तोच.

टार्गेट ठेवताना मेव्हन कंपायलर प्लगिनमध्ये ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ ही जोडी नको, ‘रिलीज’ हवं, प्लगिन ३.६ पासून ते चालतं. जोडीने फक्त क्लास फाइलचा आकडा ५२ होतो, जावाची लायब्ररी मात्र १७ चीच बघितली जाते. बाइट-बफरच्या ‘फ्लिप’चा परतावा ९ मध्ये बदललाय, त्यामुळे असा जार १७ वर नीट चालतो आणि ८ वर परत नेला की ‘नो सच मेथड एरर’ देतो. ‘रिलीज ८’ दिलंत तर कंपायलर ८ च्याच यादीवर तपासतो. हा जार १७ वर महिनाअखेरीच्या बॅचसकट एक पूर्ण फेरी नीट चालला की मग ‘रिलीज’मध्ये १७ लिहा.